कॉलरवरचं तोंड

युरोपातल्या जुन्या सरदारणींची चित्रं कुठे दिसली की माझं डोकं फिरतं. आणि आता तर मेली कुठेही दिसतात. कॅलेंडरवर, चहाच्या मगवर, हॉटेलच्या जिन्यात. गळ्याभोवती ताटाएवढी पांढरी घडीदार कॉलर, त्या ताटात वाढून ठेवल्यासारखं डोकं, आणि नजर अशी की समोरचा माणूस त्यांच्या पायपुसण्यावर उभा आहे. लोक म्हणतात, काय रुबाब! कसला डोंबलाचा रुबाब? पुढे मी कुठेतरी वाचलं की त्यातल्या बऱ्याच जणी चित्रकारासमोर धड बसायच्याही नाहीत. तोंडापुरता थोडा वेळ द्यायचा, बाकी कपडे-दागिने चित्रकाराकडे पाठवून द्यायचे. मग तो ते कपडे एखाद्या मोलकरणीच्या नाहीतर लाकडी बाहुलीच्या अंगावर चढवून उरलेलं काम उरकायचा. म्हणजे खांदे कुणाचे, हात कुणाचे आणि मिरवतंय कोण! हे वाचून मला नवल वाटलं नाही, संताप आला. कारण हेच सगळं आम्ही सुरतेत, पर्वत पाटियाच्या मागच्या चाळीत, असलं एकही पुस्तक न वाचता केलं होतं.

आम्ही खानदेशातले. आबा, म्हणजे माझे वडील, पेंटर. कडोदऱ्याच्या रस्त्यावर तेव्हा जितके लूमचे कारखाने होते, त्यातल्या कितीतरी कारखान्यांचे बोर्ड आबांच्या हातचे. हात चांगला होता. एका साड्यांच्या शेठच्या गोदामात त्यांनी भिंतीवर लक्ष्मी काढली होती, ती बघून शेठ भलताच खूश झाला होता. हा शेठ नव्वदच्या दशकात एकदा मशिनं बघायला युरोपात गेला, तिथल्या कुठल्याशा राजवाड्यात फिरला, आणि येताना चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. नवा बंगला बांधून झाला होता. आबांना बोलावून त्यानं पुस्तकातल्या एका बाईवर बोट ठेवलं. "पेंटर, ऐसा चाहिए. हॉल में. मुंह मेरी घरवाली का."

आबांनी विचारलं, शेठाणी बसायला कधी येतील? शेठनं असं बघितलं, जणू आबांनी काहीतरी वंगाळ बोलून ठेवलं. त्यांच्या घरची सून परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसणार? तोंडासाठी एक फोटो मिळाला, कुठल्याशा लग्नाच्या मांडवातला, डोक्यावर पदर घेतलेला. अंगासाठी काय? अंगासाठी शेठाणीनं मापाला एक जुना ब्लाउज पाठवला! युरोपातल्या राणीचा झगा शिवायचा आणि माप ब्लाउजचं. शिवणार कोण, तर मी. मी तेव्हा विशीत होते, घरीच ब्लाउज, परकर, फॉल-पिको करायची. त्या ब्लाउजला घामाचा आणि अत्तराचा वास येत होता. मी तो चिमटीत धरून मापं घेतली.

मूळ चित्रातला झगा काळ्या मखमलीचा होता. शेठाणीचा निरोप आला, काळा नको, सवाष्ण बाई काळ्यात कशी शोभेल? मग शेठच्या मालातली मरून मखमल आली. चित्रातल्या बाईच्या पायाशी एक कुत्रं होतं. कुत्रंही नको, त्या जागी चांदीचा कलश. कपाळावर कुंकू हवं. आणि मंगळसूत्र दिसलंच पाहिजे. आता त्या कॉलरमुळे गळाच दिसत नव्हता, तर मंगळसूत्र घालायचं कुठे? शेवटी ते कॉलरच्या बाहेरून छातीवर सोडायचं ठरलं. मी हसून हसून बेजार झाले होते. आबा म्हणाले, "हस नको. कामाचं बघ."

कामाचं बघितलं. ती कॉलर करताना मला देव आठवले. ब्लाउजच्या गळ्याला लावायचं कडक कॅनव्हास, वरून पांढरी ऑर्गंडी, कांजी घालून इस्त्री, आणि आतून तार. सुरतेच्या दमट हवेत सकाळी ताठ उभी राहिलेली कॉलर दुपारपर्यंत मान टाकायची. बाह्यांची तर आणखी तऱ्हा. त्या काळी तिकडे म्हणे बाहीच्या कापडाला मुद्दाम चिरा पाडायचे आणि आतलं दुसरं कापड त्यातून बाहेर काढून दाखवायचे. आमच्याकडे इतकं कापड आहे की फाडायलाही परवडतं, हे सांगायला! शेजारची काकू मला नव्या मखमलीवर कात्री चालवताना बघून म्हणाली, "अगं पोरी, येड लागलं का तुला?" मी म्हटलं, काकू, येड मला नाही, श्रीमंतांना लागतं. मी फक्त शिवते.

झगा तयार झाला, पण तो घालून उभं कोण राहणार? शेठाणी आणि माय अंगानं सारख्याच, म्हणून आबांनी मायकडे बघितलं. माय म्हणजे माझी आई. घरी बसून साड्यांचे दोरे कापायची, गठ्ठेच्या गठ्ठे. माय आबांशी कधी सरळ बोलायची नाही. आमच्याकडे तशी रीतच होती, पण मायनं ती जरा जास्तच पाळली होती. आबा समोर बसलेले असले तरी ती माझ्याकडे बघून म्हणायची, "आबाले सांग, जेवन वाढेल शे." मग मी सांगायचं. मी नसले तर ती भिंतीला सांगायची.

तर माय झग्यात उभी राहिली. लुगड्यावरून आतले परकर, त्यावर मखमल, गळ्यात कॉलर. मे महिना. पंखा लावला की कॉलर फडफडायची, म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा लागायच्या. आबा म्हणायचे, "तिला सांग, मान वर." मी सांगायची. मायची मान वर व्हायची आणि पुन्हा खाली यायची. जन्मभर पदर डोक्यावर आणि नजर जमिनीवर असलेली बाई, तिला मान वर करून पुरुषाकडे एकटक बघ म्हटल्यावर ती काय करणार? पहिले दोन-तीन दिवस नुसते फुकट गेले. आबा वैतागले. "अगं, ती राणी आहे. तिला कुणाची पर्वा नाही. तिला सांग, असं बघ की समोरचा कुणी नाहीच."

मायनं जरा वेळ विचार केला. मग तिनं अशी काही मान उचलली आणि असं बघितलं की मीच दचकले. हनुवटी वर, ओठ मिटलेले, पापणी जरा खाली. आबांचा ब्रश हवेतच थांबला. नंतर मी तिला विचारलं, माय, कुणाला आठवलं गं? ती म्हणाली, "तुन्ही आजीले. माले नांदाले आनं तवय ती अशीच दखे." म्हणजे मला नांदायला आणलं तेव्हा तुझी आजी माझ्याकडे असंच बघायची. आबांच्या आईची नजर माय आबांवरच रोखून उभी होती, आणि आबांना ते कळलं नाही.

पण त्या दिवसांत एक झालं खरं. आबा मायकडे बघायला लागले. कामापुरतंच, पण बघायला लागले. एक डोळा मिटून, ब्रशनं मोजून, तासन्‌तास. आणि माय त्यांच्याकडे बघत होती. मला तर खोलीत थांबायलाच लाज वाटायची. माय रात्रीच केस धुऊन ठेवायला लागली. सकाळी झगा चढवताना घाई करायची.

हात झाले. आबांनी ते गोरेपान केले, बोटं निमुळती. मायच्या डाव्या मनगटावर लहानपणी गोंदलेली तुळस होती आणि भोवती ठिपके. चित्रात मनगट कोरं. मायनं वाकून बघितलं आणि मला म्हणाली, "आबाले इचार, मन्हं गोंदन कोठे शे?" आबा म्हणाले, "तिला सांग, शेठाणीला गोंदण नाही." माय पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली.

मग तोंडाची वेळ आली. आबांचं म्हणणं, फोटोवरून नुसतं तोंड चिकटवलं तर ते चिकटवल्यासारखंच दिसेल. कॉलरचा उजेड गालावर कसा पडतो ते बघायला एकदा समोरचं तोंड काढावंच लागेल. तेव्हा आधी मायचं तोंड काढायचं, उजेड पक्का करायचा, आणि तेलरंग ओला आहे तोवर त्यावरच फिरवून शेठाणीचं करायचं. त्यांनी मायचं तोंड काढलं. आणि काय सांगू, ती मायच होती! सावळी, गालाची हाडं वर आलेली, नाकात मोरणी, डोळ्यांत ती आजीकडून घेतलेली नजर. आबांनी शंभर लक्ष्म्या काढल्या असतील, पण असं तोंड त्यांनी त्याआधी काढलं नव्हतं आणि नंतरही नाही. चाळीतल्या बायका येऊन बघून गेल्या. काकूनं तर चित्राला हात जोडले. माय दारामागून सगळ्यांचं ऐकत होती.

मायचा एकही धड फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला नव्हता. तेव्हा निवडणुकीचं फोटोवालं कार्ड नुकतंच आलं होतं, त्यावर मायच्या जागी एक काळा डाग होता आणि डागाला दोन कान. त्या संध्याकाळी मायनं मला जवळ बोलावलं. आबा तिथेच ब्रश धूत होते. "आबाले सांग, हाई पुसाना पहिले एक फोटू काढी ल्या." हे पुसायच्या आधी एक फोटो काढून घ्या, एवढंच. उभ्या जन्मात तिनं आबांकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. आबा म्हणाले, "तिला सांग, काढू. चौकातल्या स्टुडिओवाल्याला सांगतो. बुधवारी त्याला वेळ आहे." मायनं बुधवारसाठी हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. फोटो चित्राचा निघणार होता, बांगड्या काही त्यात येणार नव्हत्या. तरी भरल्या.

मंगळवारी शेठ आला. न सांगता. बरोबर शेठाणी.

गाडी चाळीच्या तोंडाशी थांबली आणि दोघं नाकाला रुमाल लावून आत आले. माय झग्यात उभी होती. कॉलर, मखमल, कुंकू, मंगळसूत्र, सगळं अंगावर. तिला पळायलाही जागा नव्हती, त्या घेरात दारातून आडवं होऊनच निघावं लागायचं. शेठाणीनं आधी मायकडे बघितलं, मग चित्राकडे, मग पुन्हा मायकडे. "आ कोण छे?" तेवढ्यात तिला कळलं. "हाय हाय, मेरे कपड़ों में कामवाली? और मुंह भी इसका?"

कामवाली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कपडे तुमचे कसे? अजून तुम्ही अंगाला लावलेले नाहीत. मी शिवलेत, माझ्या आईनं घातलेत. शेठाणीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती शेठला म्हणाली, हॉलमध्ये रोज हिचं तोंड बघायचं का मी? खाली हिचंच तोंड राहणार, वरून माझं? अशुभ आहे. शेठ आबांना म्हणाला, "पेंटर, निकालो इसको. अभी. मेरे सामने."

आबांनी समजावलं. रंग ओला आहे, उद्या करतो, उजेडाचं काम बाकी आहे. उद्या! त्यांना फक्त उद्यापर्यंत वेळ हवा होता. मी बघत होते, ते आता सांगतील, एक फोटो काढायचा आहे म्हणून. शेठ एवढा काही राक्षस नव्हता. सांगितलं असतं तर कदाचित थांबलाही असता. पण आबांच्या तोंडातून ते निघेना. बायकोचा फोटो हवाय, हे परक्या माणसासमोर कसं म्हणायचं? लाज वाटली त्यांना. त्या एका लाजेसाठी त्यांनी चिंधी उचलली, टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि मायचं तोंड पुसलं. एका फटक्यात पुसलं गेलं. कपाळ, नाक, डोळे, सगळ्याचा तपकिरी चिखल झाला. आणि खाली कॉलर तशीच पांढरी स्वच्छ.

माय झग्यात उभी होती आणि बघत होती. शेठ-शेठाणी गेल्यावर तिनं स्वतःच हात मागे नेऊन बंद सोडले, झगा जमिनीवर पडू दिला आणि त्यातून पाय काढून मोरीत गेली. मी आबांना नको नको ते बोलले. भित्रे म्हटलं, नामर्द म्हटलं. ते चिंधी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "पुन्हा काढीन मी. फुरसतीनं काढीन." मी म्हटलं, तुमची फुरसत घाला चुलीत.

त्यांनी नंतर खरंच एकदा प्रयत्न केला. मायला बसायला सांग म्हणाले. मी सांगितलं. माय दोरे कापत राहिली. त्या मंगळवारनंतर तिनं "आबाले सांग" हे शब्दच टाकून दिले. जेवण वाढलेलं असायचं, पण कुणी सांगायचं नाही. भिंतीलासुद्धा नाही. आबा ताटाचा आवाज ऐकून यायचे.

शेठाणीचं तोंड फोटोवरून झालं आणि चित्र गेलं. शेवटचे दोन दिवस आबांनी ते दार लावून केलं, मी बघायलाही गेले नाही.

काही वर्षांनी, दशक संपत आलेलं असताना, त्या शेठाणीचा निरोप आला. तिच्या मुलीचं लग्न होतं, ब्लाउजचा मोठा ढीग होता, आणि माझं आता छोटं दुकान झालं होतं. जाणार नाही असं मी ठरवलं होतं. पण गेले. खरं सांगायचं तर मला ते चित्र बघायचं होतं.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोर ते. सोनेरी चौकट, वरून लाइट. कॉलरवर शेठाणीचं तोंड बसवलेलं, आणि ती मायच्या खांद्यांवरून खोलीभर बघत होती. पाव्हण्या बायका जमल्या होत्या. मी मुलीच्या ब्लाउजला टाचण्या लावत होते, तोंडात चार टाचण्या, आणि शेठाणी त्यांना सांगत होती, "कितने दिन बैठी थी मैं इसके लिए! गर्दन दुख गई थी. ऊपर से वो गर्मी." एक बाई म्हणाली, बाई गं, तुम्हीच बसू जाणे. तोंडात टाचण्या होत्या म्हणून, नाहीतर मी तिथेच तिची सालटी काढली असती.

मग माझी नजर हातांवर गेली. डावा हात खुर्चीच्या पाठीवर, बाहीतून बाहेर आलेली लेस, आणि लेसच्या जाळीखाली मनगटावर काहीतरी हिरवट. मी उठून माप घ्यायच्या निमित्तानं जवळ गेले. तुळस. भोवती ठिपके. लेसच्या नक्षीत असं मिसळलेलं की माहीत नसलेल्याला लेसच वाटावी. आबांनी दार लावून काय केलं होतं, ते मला तेव्हा कळलं. शेठाणीच्या हॉलमध्ये, शेठाणीच्या मनगटावर, माझ्या मायचं गोंदण! माझा आत्मा थंडावला. सगळ्यांसमोर बोलून दाखवावंसं वाटलं, दाखवा हो तुमचं मनगट, म्हणावं. पण बोलले असते तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी चिंधी घेऊन आलंच असतं. मी ब्लाउजची मापं पुरी केली आणि निघाले.

घरी येताना मी रिक्षात एकटीच हसत होते. आता मायला सांगितलं की संपलं सगळं, असं वाटत होतं. माय खोलीत दोरे कापत बसली होती. आबा खिडकीशी, हात आता थरथरायचा म्हणून काम सुटलेलं. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. लेस सांगितली, तुळस सांगितली, ठिपके सांगितले. म्हटलं, माय, आबांनी तुझं गोंदण काढलंय गं, तिच्या छाताडावर नाचतंय ते! आबा खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मायची कात्री थांबली. तिनं स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती म्हणाली, "आबाले सांग."

आबांनी मान वर केली.

"आबाले सांग, हात तं समदासले पाहिजे ऱ्हातंस. मी तोंड मांगेल व्हतं."

आबा तिथेच बसले होते, चार हातांवर. त्यांनी ऐकलं होतं. तरी मी सांगितलं. हात तर सगळ्यांनाच हवे असतात, आबा. तिनं तोंड मागितलं होतं.